बसायला आलेल्या बाया आणि माझी गोळी

माझ्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट माझ्यापेक्षा माझ्या चुलतसासूला जास्त पाठ होती. जानेफळच्या आमच्या शेतात बांधावरून ट्रॅक्टर उलटला तेव्हा तिथे मी होते. ती घरी टीव्हीसमोर होती. पण बाया दुखवट्याला बसायला आल्या, की मी सांगायचं आणि मी अडखळले की तिनं पुढचं पुरवायचं. "चपलीचं राह्यलं ना वं. एक चप्पल पार बांधावर पडेल होती, ते सांग आधी."

आमच्याकडे रीतच तशी आहे. तेरवी उलटून गेली तरी गावोगावचे नातेवाईक येत राहतात. आलेली बाई आधी गळ्यात पडून हेल काढते, मग डोळे पुसते आणि चहाचा कप हातात आला की विचारते, "कसं झालं वं बाई?" मग विधवेनं पहिल्यापासून सांगायचं. कालच्यांना सांगून झालंय, ही सबब चालत नाही. शिवाय योग्य त्या जागी रडायचं. कमी रडली तर नवऱ्यावर जीव नव्हता, जास्त रडली तर नाटकी. दुसऱ्याच्या दुःखाचं इतकं बारीक माप काढणाऱ्या या बाया त्याच दमात चहात साखर कमी पडल्याचंही सांगून जात.

सांगताना दरवेळी माझी छाती धडधडायची, हात गार पडायचे, तोंडाला कोरड पडायची. पुढे पुढे तर रस्त्यावरून कुणाचाही ट्रॅक्टर गेला तरी मी दार लावून घेऊ लागले, आणि आमच्या गावात दिवसभर ट्रॅक्टरच जातात. मी शेतात जाणं सोडलं, मग अंगणात बसणंही सोडलं. शेवटी भाऊ मला खामगावला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

त्यांनी छातीची धडधड कमी करणारी गोळी दिली. ती रोज घ्यायची नव्हती. दवाखान्यात गेल्यावर घ्यायची, थोडं थांबायचं आणि मग त्यांच्यासमोर बसून घडलेलं सगळं सावकाश सांगायचं. "आठवण जाणार नाही," त्या म्हणाल्या, "तिचा डंख कमी होईल." काहींना गुण येतो, काहींना येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण तोवर माझ्याशी सगळे अगदी खात्रीनंच बोलत होते.

अशा काही फेऱ्या झाल्या. एकदा परत आले तर ओसरीवर रोहिणखेडच्या बाया माझी वाट पाहत बसलेल्या. गोळीचा असर अजून अंगात होता. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ट्रॅक्टर, बांध, चप्पल, सगळं ओळीनं, चहा निवायच्या आत. डोळ्यांत टिपूस नाही. लग्नाला उशिरा पोचावं आणि पंगत उठलेली दिसावी, तसे त्यांचे चेहरे झाले.

त्या असतानाच चुलतसासूनं माझ्या पिशवीत हात घालून गोळ्यांचं पाकीट बाहेर काढलं. "नवऱ्याले इसरायची गोळी खाऊन राह्यली हे," ती म्हणाली. "दगड झाली दगड. उद्या त्याचं तोंडबी आठोनार नाई तुले."

गावभर झालं. मी मेल्यासारखी पडून होते तेव्हा गावात कुणी दवाखान्याचं नाव काढलं नाही. मी ताठ बसून बोलले, तर सगळ्यांना काळजी. त्यातलीच शेजारची एक बाई दोन दिवसांनी मागच्या दारानं आली आणि हळूच म्हणाली, "एखांदी गोळी हाय का वं मायासाठी? जाऊ जे बोलली ना मले, ते डोक्यातून जातच नाई." मी म्हटलं, ही काही पेपरमिंट नव्हे. ती रागावून गेली. पुन्हा गावभर झालंच.

तरी चुलतसासूचं ते बोलणं मला लागलं. मी भांडी घासताना, केस विंचरताना नवऱ्याचा चेहरा आठवून पाहू लागले. खरंच पुसला गेला तर काय करायचं? माझ्याजवळ त्याचं दुसरं होतंच काय? पुढच्या वेळी मी खामगावला गेलेच नाही.

या सगळ्यात माझी सासू, त्याची सख्खी आई, काहीच बोलली नव्हती. बाया बसायला आल्या की ती उठून गोठ्यात जायची. तिचा माझ्यावर राग आहे, असं मी धरून चालले होते. एका दुपारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तिनं विचारलं, "खामगावले काऊन नाई गेली?"

"काकू म्हणते, गोळीनं मी त्यांले इसरन."

"तिले काय समजते?" तिनं शेंगांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाली, "तुले झेपत असन त मले सांग. म्या आईकलंच नाई अजून. तुये हाल पाहवे ना, म्हनून उठून जात होती."

मी सांगायला लागले. गोळी घेतलेली नव्हती. छाती थोडी धडधडली, पण बोलता येत होतं. चपलेपाशी आले तसं तिनं मला थांबवलं आणि आजवर एकाही बाईनं न विचारलेलं विचारलं.

"तो काई बोलला का?"

बोलला होता. मीच दरवेळी घाईघाईनं चपलेकडे पळायचे. ट्रॅक्टरखाली दबलेला असताना, विहिरीवरच्या बिघडलेल्या मोटारीवर खेकसायचा त्याच आवाजात तो माझ्यावर खेकसला होता. ते मी सासूला जसंच्या तसं सांगितलं. "बोंबलू नको. पह्यले बंद कर त्याले, डिझेल सांडून राह्यलं." मी चावी फिरवली. माणसं धावत येईपर्यंत तो गेला होता.

"चिडेल होता?" सासूनं विचारलं.

"हाव, आत्याबाई. लय."

"मंग माह्याच पोरगा," ती म्हणाली आणि हसायला गेली. ते हसू तिला पुरतं जमलं नाही. मग आम्ही दोघी रडलो, पाहायला कुणी नव्हतं म्हणून पोटभर.