माझ्या कॅसेटमधला परका माणूस

माझी पहिली कॅसेट मी चामोर्शीच्या आठवडी बाजारात ऐकली आणि ऐकता ऐकता माझ्या अंगाची लाही लाही झाली.

ती निघाली कशी, ते आधी सांगते. आम्ही चामोर्शीजवळच्या एका खेड्यातले बौद्ध. बाबा ढोलकी वाजवायचे, मी गायचे. जयंतीला, लग्नघरी, कुणी बोलावेल तिथे. पण लोक माझ्या गाण्यासाठी येत नसत, बोलण्यासाठी येत. दोन कडवी झाली की गाणं थांबायचं, बाबांची ढोलकी तेवढी चालू राहायची, आणि त्या ठेक्यावर मी भरभर बोलत सुटायचे. यमकं जुळवत, हात वर करून, समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून. आता पोरं याला रॅप म्हणतात. तेव्हा त्याला नाव नव्हतं. लोक एवढंच म्हणायचे, "चाल, पोरगी बोलून राह्यली."

बोलायला कारण होतं. पावसाळ्यात आम्ही बाया धानाच्या रोवण्याला जायचो. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावायची आणि तहान लागली की बांधावर ओंजळ धरून उभं राहायचं. मालक गडवा उंच धरून वरून पाणी ओतायचा. आमचा हात त्याच्या गडव्याला लागता कामा नये. आमची रोपं त्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, चालत होती, आमच्या हाताचं धान त्याच्या पोटाला चालत होतं. एकदा तसंच मनगटावरून पाणी गळत असताना माझ्या डोक्यात ओळी आल्या:

चिखल आमचा, बांधी तुही,
पाठ आमची, पेंढी तुही,
तहान आमची, गडवा तुहा,
वरून काऊन ओततं पानी?
खाली ठेव, खाली ठेव,
मी घेतो माह्या हातानं!

पुढच्याच कार्यक्रमात मी हे बोलले. बाया उठून उभ्या राहिल्या. तिथे नागपूरच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस आला होता. महिनाभरात आम्हाला बोलावणं आलं.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. बाबांना उभं राहून, झुलत वाजवायची सवय. त्यांना खुर्चीत बसवलं आणि हलू नका म्हणून सांगितलं. गाणी नीट झाली. मग मी बोलायला लागले, तर काचेपलीकडून कंपनीच्या साहेबांनी थांब म्हणून हात केला.

"मले, तुले नको. मला, तुला म्हण. आणि तू मुलगी आहेस ना? मग 'मी घेतो' काय? 'घेते' म्हण."

आमच्याकडे बाईसुद्धा 'मी जातो, मी करतो' असंच बोलते. माझी आजी तसंच बोलत होती, तिची आईही तसंच बोलत असेल. मी म्हटलं, "साहेब, माह्या तोंडात जे आहे तेच मी बोलन."

साहेब हसले. "बरं, बोल बाई तुझ्या मनासारखं."

मी बोलले. एका दमात, सगळं. काचेमागच्या रेकॉर्डिंगवाल्याने अंगठा दाखवला. साहेब म्हणाले, छान झालं. परतीच्या एसटीत बाबा गडचिरोली येईपर्यंत मांडीवर ठेका धरून होते.

कॅसेट आली ती पुढच्या वर्षीच्या रोवण्याच्या हंगामात. बाजारात कॅसेटच्या दुकानासमोर आमच्या सगळ्या बाया जमल्या होत्या. भोंग्यातून माझा आवाज आला. कुणी माझ्या पाठीवर हात ठेवला, कुणी दंडाला चिमटा काढला. दोन कडवी झाली. ढोलकी सुरू राहिली. आता मी बोलणार म्हणून सगळ्या गप्प झाल्या.

आणि एक माणूस बोलायला लागला.

भरदार, तुपातला आवाज. प्रत्येक शब्द सुटा सुटा, जणू शाळेच्या गॅदरिंगचं निवेदन. "तृषा आमुची, कलश तुझा... का ओततोस वरूनी जल?" माझ्या गडव्याचा त्याने कलश केला होता. शेवटी म्हणाला, "मी घेईन माझ्या हाताने." कोणत्या हाताने? तो हात कधी चिखलात गेला होता का?

माझ्यासोबत रोवण्याला येणारी एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, हा कोन बोलून राह्यला? तुहं बोलनं कुठी गेलं?"

माझं गाणं ठेवलं होतं, कारण ते गोड होतं. माझं बोलणं काढून टाकलं होतं. ओळी मात्र टाकल्या नव्हत्या. त्या धुऊन, इस्त्री करून दुसऱ्याच्या अंगात घातल्या होत्या. आणि कॅसेटवर नाव माझंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूर गाठलं. साहेबांनी बसायलासुद्धा सांगितलं नाही.

"अगं, ही कॅसेट साऱ्या महाराष्ट्रात जाणार. तुमची भाषा लोकांना कळायला नको का? आणि बाईच्या तोंडी एवढा राग बरा दिसत नाही."

"माही भाषा समजत नाई, तर त्यात राग आहे हे तुमाले कसं समजलं?" मी विचारलं.

त्यांनी फोन उचलला आणि दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागले. दाराशी बाबा वळले. "साहेब, आमी पन महाराष्ट्रातच राह्यतो," एवढंच म्हणाले. साहेबांनी फोनवरून मान वर केली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी ती कॅसेट घेऊन चाचांकडे गेले. चामोर्शीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं. बाबांची त्यांची जुनी ओळख. मी कॅसेट टेबलावर आपटली आणि म्हटलं, "चाचा, या मानसाले यातून काढा."

चाचांनी कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. कंपनीच्या कॅसेटला कडेला दोन खाचा असतात. त्या उघड्या असल्या की रेकॉर्डचं बटन दबतच नाही. चाचांनी खाचांवर चिकटपट्टी लावली. "निकल जाएगा बेटी. पन त्याच्या जागी कोन बोलन?"

"मी."

मग आम्ही तेच केलं. कडवं संपलं की चाचा बटन दाबायचे, बाबा ढोलकीवर थाप मारायचे आणि मी टेपरेकॉर्डरवर वाकून बोलायचे. पुढचं कडवं यायच्या आत थांबायचं. तो माणूस पुसला जायचा. पहिलीच कॅसेट वाजवून बघितली, तर माझ्या आवाजामागे मिरच्या विकणारीची हाळी, सायकलची घंटी, बकरीचं ओरडणं. गादीच्या खोलीतून एकदम बाजारात आल्यासारखं वाटलं. चाचा म्हणाले, "पुन्हा करू का? आवाज येऊन राह्यले." मी म्हटलं, येऊ द्या.

बातमी फुटली. कॅसेट विकत घेतलेले लोक बाजाराच्या दिवशी ती पदरात, पिशवीत बांधून दुकानासमोर उभे राहू लागले. प्रत्येक कॅसेटमध्ये मी नव्याने बोलायचे. आणि गंमत अशी, की तो माणूस इतका सावकाश बोलला होता की माझं सगळं म्हणून झाल्यावरही जागा उरायची. त्या उरलेल्या जागेत मी त्या त्या वेळी तोंडाला येईल ते बोलले. एकीत म्हटलं, 'मले'ले 'मले'च म्हन. एकीत साहेबांच्या गाद्यांच्या भिंतींवर बोलले. एकीत तर चिडून नुसतं "काऊन? काऊन? काऊन?" एवढंच, गाणं परत सुरू होईपर्यंत. त्यामुळे एका घरची कॅसेट दुसऱ्या घरच्यासारखी नव्हती.

कॅसेटचा दुकानदार भांडायला आला. "कंपनीचा माल खराब करून राह्यल्या तुमी!"

रांगेतली ती रोवण्याची म्हातारी कंबरेवर हात ठेवून पुढे झाली. "खराब माल आनला कोनं बापा? आमी दुरुस्त करून राह्यलो."

तो जो गेला, तो पुन्हा भांडायला आला नाही. दिवाळीनंतर मात्र आला, साहेबांचा निरोप घेऊन. अहेरीपासून चिमूरपर्यंत गिऱ्हाईक 'पोरगी बोलते ती' कॅसेट मागत होतं, कंपनीची नको म्हणत होतं. साहेब म्हणत होते, नागपूरला ये, तुझ्या आवाजात परत भरू. फक्त भाषा थोडी सुधारून घेऊ.

सुधारून! मी ढोलकीची दोरी ताणत होते, ती हातातच राहिली. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांना जायचं होतं, हे मला दिसत होतं. त्या काचेमागच्या लोकांनी पुन्हा एकदा अंगठा दाखवावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. म्हणून मला साहेबांचा राग आणखीच आला.

"सांगा त्याईले," मी दुकानदाराला म्हटलं, "मी येतो. पन 'मले' म्हनन, 'तुले' म्हनन, आनि 'घेतो'च म्हनन."

उत्तर आलं नाही. स्टुडिओत मी पुन्हा कधी गेले नाही. कंपनीने ती कॅसेट मोठ्या शहरांतून तशीच विकली, त्या तुपातल्या आवाजासकट. मला कुणी पुण्या-मुंबईकडचं भेटलं आणि म्हणालं, "काय गोड गळा हो तुमचा," की आजही माझं डोकं फिरतं. मी विचारते, "आनि बोलनं?" ते म्हणतात, "हो, ते निवेदक पण छान आहेत."