फोनवरची कवायत आणि तलावातलं पहिलं जाळं

सन दोन हजार पाच. माझं वय तेव्हा एकसष्ट. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरी येऊन ओढून न्यायचे म्हणून. बाकीचं सगळं शिक्षण तलावात झालं आणि ते मला आयुष्यभर पुरलं. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, पोराला पोहणं कोणी शिकवत नाही आणि व्यायाम तर नाहीच नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी हसणार असेल तर जरा सांभाळून हसेल.

ब्रह्मपुरीच्या डॉक्टरकडे मी माझ्यासाठी गेलो नव्हतो. बायकोला ताप होता, तिला घेऊन गेलो होतो. डॉक्टरनं तिला गोळ्या लिहून दिल्या आणि मग माझ्या पोटाकडे बघत बसला. खणातून टेप काढला आणि माझ्या कमरेला गुंडाळला.

मी म्हटलं, "सदरा शिवाचा हाय का, साहेब?"

त्यानं टेप वाचून आकडा लिहिला. दंडाला पट्टा बांधून फुगवला, मग रक्त काढायला लावलं. दुपारी कागद हातात घेऊन म्हणाला, "पोट, साखर, बीपी आणि रक्तातली चरबी, ही चौघांची टोळी आहे. तुमच्याकडे चौघंही येऊन पोचलेत. मधुमेह अजून झाला नाही, पण तो दारात चपला काढून उभा आहे. व्यायाम करा."

"ज्याले काम नाई त्यानं व्यायाम कराव," मी म्हटलं.

"सध्या तुम्ही काय काम करता?"

मी उत्तर जुळवतच होतो, तेवढ्यात बायको तापातच बोलली. "तलावाच्या पाळीवर खुर्ची टाकून बसतेत आन मासोळ्या तोलताना काटा पाह्यतेत."

तापात माणूस काहीही बडबडतो. पण डॉक्टरनं ते खरं धरलं.

डॉक्टरच्या टोळीला मी भ्यालो असतो असं नाही. मला दुसरीच गोष्ट लागली होती. आमच्या गावच्या तलावात धान कापून झाल्यावर वर्षाची मोठी मासेमारी होते. मच्छीमार सोसायटीचे सगळे लोक जाळी घेऊन पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहतात, पण पहिलं जाळं आमच्या घराचं. आजा टाकायचा, मग बाप, मग मी. घरातला थोरला कमरेएवढ्या पाण्यात जातो, जाळ्याची एक कड दातात धरतो, एक कोपरावर घेतो आणि अंग फिरवून फेकतो. ते गोल पडलं की मग बाकीच्यांनी उतरायचं. आदल्या वर्षी मला पाण्यातच दम लागला. जाळं फेकलं ते निम्मंच उघडलं आणि धप्पकन पडलं. पाळीवरून माझा धाकटा भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "भाऊ, जाळं टाकलं का धोतर वाळू घातलं?"

तो पुढच्या वर्षीची तयारी करून राह्यला होता, हे मला तेव्हाच समजलं. असंच आणखी एकदा झालं असतं तर सोसायटीनंच म्हटलं असतं, आता धाकट्याला टाकू द्या.

माझी मुलगी नागपूरला एका दवाखान्यात कामाला होती. ज्यांना रोज दवाखान्यात येणं जमत नाही अशांना ती फोनवरून व्यायाम शिकवायची. बायकोनं तिला माझी सगळी कुंडली सांगितली. मुलीचा फोन आला, "बाबा, मी रोज सकाळी फोन करीन. मी सांगीन तसं करायचं."

"फोनवर भात शिजते का? मंग व्यायाम कसा होते?"

"तुमच्या व्यायामाचं राहू द्या. जाळं फेकताना दम लागते ना? खांदे मोकळे झाले, छातीत हवा भरली, तर जाळं गोल उघडंल."

पोरगी शिकलेली असली तरी ढिवराची होती. कुठं धरायचं ते तिला बरोबर माहीत होतं. मी हो म्हटलं, पण अट घातली की गावात कोणाला कळता कामा नये.

त्याला कारण होतं. दोन वर्षांआधी एक बँकेचा साहेब गावात राहायला आला होता. तो रोज सकाळी सडकेनं उगाचच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. मी चौकात बसून त्याला रोज विचारायचो, "साहेब, काई हरवलं का?" आणि अख्खा चौक हसायचा. हा विनोद गावात माझ्या नावावर जमा होता. आता मीच हात वर करून उड्या मारायच्या म्हणजे काय राहिलं?

आमच्या घरी तेव्हा बिनवायरचा फोन आला होता. दिसायला साध्या फोनसारखाच, फक्त डोक्यावर एक काडी. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात तो नुसता टूं टूं करायचा. रेंज एकाच जागी मिळायची, घरामागच्या वाडीत कडुलिंबाखाली. आणि तिथंच आमच्या देवीचा शेंदूर लावलेला दगड होता. म्हणून त्या दगडाला लागून एक स्टूल ठेवलं, स्टुलावर फोन ठेवला आणि आवाज मोठा व्हायची कळ दाबली की मुलगी बोलायला लागायची.

उजाडायच्या जरा आधी मी सदरा काढून उभा राहायचो. डोळे मिटून करायचो, कारण उघडले की समोर बायको दिसायची आणि ती पदरात तोंड घालून हसत असायची. मुलगी सांगायची, "हात वर. अजून वर. जागच्या जागी चाला. आता खाली बसा. उठा. श्वास तोंडानं सोडा, मले आवाज आला पाहिजे." मग मी "हूं, हूं" असा मोठ्यानं श्वास सोडायचो. दमलो की ती म्हणायची, "भिऊ नका, मी हावो."

थोड्या दिवसांनी देवीच्या दगडासमोर एक नारळ दिसला. मला वाटलं, कोणाचा नवस असेल. मग लिंबू आलं, मग हळदकुंकू आणि पुन्हा नारळ. बायकोनं चटणी केली. मी खाल्ली. देवीचा नारळ कोणी आणला हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

एक दिवस शेजारची म्हातारी कुडाच्या कुंपणातून आत आली आणि सरळ माझ्या पाया पडली. "माय, माही बकरी कालपासून नाई. कुठी गेली, सांग."

मी मागे वळून पाहिलं, कोणती माय आली म्हणून. मागे कोणीच नव्हतं. मग डोक्यात उजेड पडला. ही बाई पहाटे दात घासायला कुंपणापाशी येते. तिनं काय पाहिलं असणार? उघडाबंब म्हातारा देवीसमोर डोळे मिटून हात वर करतो, पाय आपटतो, हुंकार देतो, आणि दगडाच्या बाजूनं बाईचा आवाज त्याला हुकूम सोडतो. अंगात देवी येते ती याहून काय वेगळी येते?

खरं काय ते सांगितलं असतं तर व्यायामाचंही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "नाल्याकडं पाह्य." गावातली प्रत्येक बकरी नाल्याकडेच जाते, तिथं बोरी आहेत. हिचीही तिथंच मिळाली.

झालं. त्यानंतर ज्यांनी मला कधी रामराम घातला नव्हता ते वाकून जायला लागले. ब्रह्मपुरीच्या जीपवाल्यानं मला पुढची सीट दिली आणि आधीपासून बसलेल्या ग्रामसेवकाला मागं पाठवलं. मला काही ते वाईट वाटलं नाही. घरात मात्र बायको सकाळी कप घेऊन यायची आणि म्हणायची, "देवीबाई, चहा बिनसाखरेचा चालंल ना?"

इकडे करदोटा सैल झाला. पाळीची चढण चढताना छातीत धपधप व्हायचं ते कमी झालं. घरामागं रिकाम्या हातानं जाळं फेकायची नक्कल करून पाहिली तर कंबर अशी फिरली की मीच पडता पडता राहिलो. मनात म्हटलं, यंदा धाकट्याला दाखवतो धोतर कसं वाळू घालतात ते.

मासेमारीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सोसायटीचे लोक पाळीवर जमले. कोणती जाळी कुठं लावायची याचं बोलणं झालं. शेवटी धाकटा हात जोडून उभा राहिला. माझ्यासमोर त्यानं हात जोडले म्हणजे काहीतरी नडणार हे मी ओळखलंच.

"भाऊ, तुह्या अंगात माय येते. आपल्यात रीत हाय, ज्याच्या अंगात येते त्यानं जीव माराव नाई आन जाळ्याले हात लावाव नाई. तू पाळीवर बस. आमी तुह्या पाया पडून पान्यात उतरतो. पहिलं जाळं मी टाकतो."

रीत खरी होती. आमच्या बापानंच एका अंगात येणाऱ्याला जाळ्यापासून दूर ठेवलं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"माह्या अंगात काई येत नाई," मी म्हटलं.

"ज्याच्या अंगात येते त्याले ते मालूमच नाई पडत," धाकटा बोलला.

"अरे, मी सांगतो ना, नाई येत."

"पाहा," तो लोकांना म्हणाला, "काईच याद नाई त्याले."

शेजारच्या म्हातारीनं बकरीची साक्ष दिली. जितकं नाही म्हणावं तितकी देवी पक्की व्हायला लागली. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. देवी होऊन खुर्चीवर बसायचं आणि धाकट्याच्या हातात आज्याचं जाळं बघायचं, नाहीतर सगळं गाव समोर असताना बोलायचं. मी जरा वेळ तलावाकडे पाहिलं. पाणी उतरलं होतं आणि मधूनच एखादी मरळ उसळी मारत होती.

"मी व्यायाम करून राह्यलो," मी म्हटलं. "डॉक्टरनं सांगतलं. साखर माह्या दारात आली हाय."

लोकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मग एकजण म्हणाला, "भाऊ, काई हरवलं का?"

हसून हसून एकजण पाळीवरून खाली घसरला. मी हसू दिलं. माझाच विनोद होता, चांगला असणारच.

धाकटा मात्र हसला नाही. तो विचारात पडला. "मंग ते बाईचा आवाज?"

"माह्या पोरीचा. फोनवर."

"नागपूरवरून? तू हात वर केला का नाई, ते तिले तिथून दिसते?"

"श्वासावरून वळखते."

"नागपूरवरून श्वास वळखते, आन म्हंते देवी नाई," म्हातारी बोलली.

शेवटी सोसायटीच्या अध्यक्षानं निवाडा केला. सकाळी फोन येतो तेव्हा सगळ्यांनी वाडीत यायचं. आवाज पोरीचा निघाला तर जाळं थोरल्याचं, मायचा निघाला तर धाकट्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. काहीजण कुंपणापलीकडे उभे होते. मी सदरा काढला आणि फोनची कळ दाबली.

"बाबा, काल भात किती खाल्ला?"

 म्हातारीनं मान तिरकी करून ऐकलं.

"एक ताट," मी म्हटलं.

"खोटं. आईनं सांगतलं मले. चला, हात वर."

मी डोळे उघडे ठेवून हात वर केले. जागच्या जागी चाललो, बसलो, उठलो, हुंकार दिला. चौकातले, सोसायटीतले सगळे समोर होते. मी एकेकाकडे नीट बघत केलं. म्हातारी धाकट्याच्या जवळ जाऊन बोलली, "माय भाताचं नाई इचारत, बाबू."

तेवढ्यात कोणीतरी खोकललं. मुलीनं विचारलं, "बाबा, तिथं कोन हाय?"

"अर्धं गाव हाय, पोरी. तुहा काकाबी हाय."

"काका, तुमचंबी पोट पाह्यलं हाय मी दिवाळीले. उभे राहा, हात वर."

धाकट्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि हात वर केले. पुतणी असली तरी तिचा आवाज तसाच होता, ऐकावा लागायचा. अध्यक्षानंही अर्धा हात वर करून पाहिला आणि मग डोकं खाजवल्यासारखं केलं.

तिथून आम्ही सगळे तलावावर गेलो. मी जाळं खांद्यावर घेऊन पाण्यात उतरलो. पाणी थंड होतं. कमरेपर्यंत आल्यावर थांबलो, एक कड दातात धरली, एक कोपरावर घेतली, छाती भरून श्वास घेतला आणि अंग फिरवलं. जाळं डोक्यावर जाऊन उघडलं आणि पाण्यावर पूर्ण गोल पडलं. दम लागला नाही असं नाही, पण उभा होतो. पाळीवर धाकटा काय करत होता ते मी पाहिलं नाही. दोरी हाताला गुंडाळत जाळं ओढायला लागलो.