कोपरमावशीचं राहिलेलं लुगडं

कोपरमावशी बाळाचं तोंड सगळ्यात शेवटी पाहायची. आधी पाण्यात कोपर बुडवायची, त्याच पाण्यात स्वतःचे तळवे शेकून घ्यायची आणि मग पायांवर घेतलेल्या बाळाला टाळूपासून टाचेपर्यंत चाचपायची. "तोंड काय, सारेच पायतात," म्हणायची. वलगावातली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली. तिचं खरं नाव मला ती गेल्यावर कळलं.

माझा मुलगा बारा दिवसांचा असेल. तेल लावता लावता मावशीचा हात त्याच्या मांडीशी थांबला. "पोरी, याची एकच गोटी पिशवीत उतरली हाय. दुसरी वरच रायली."

सासूबाई दारातून कडाडल्या, "मोठा झाला का येते आपोआप खाली. भलतं बोलू नोको!"

"येते ना वयनी, कवा कवा येते. सहा महिने वाट पाहू. पण पायत रायलं पायजे," मावशी म्हणाली.

तेव्हापासून माझी प्रत्येक सकाळ तिच्या एका शब्दावर टांगलेली असे. गार हात लागला तर उतरलेलीही वर पळते, म्हणून ती बाळाला कोमट पाण्यात निवांत होऊ द्यायची, मग हळूच बोट फिरवायची आणि म्हणायची, "आज नाई." बस, एवढंच. मी चुलीपाशी उभी राहून कान टवकारायची. खोटं का होईना, पण एकदा तरी बरं बोलावं, असा तिचा रागही यायचा. नवऱ्याला सांगितलं, तर तो आईकडे बघायचा. आणि सासूबाईंना एकच घोर होता, गावात कळलं तर पोराच्या लग्नाचं काय!

सव्वा महिना झाला की न्हाऊ घालणारीची ओटी भरायची, लुगडं द्यायचं, ही आमच्याकडची रीत. सासूबाईंनी मन मोठं करून चांगलं हिरवं काठाचं आणलं. मावशीनं ओटी घेतली आणि लुगडं परत पाटावर ठेवलं. "हे राहू द्या. पोट्ट्याचं काम पुरं झालं का घेईन."

लुगडं परत! सासूबाईंचा चेहरा उतरला. शेजारणींना वाटलं, भांडण झालं. ठरलेलं न्हाणं संपलं, तरी मावशी आठवड्यातून एकदा यायची, चहासुद्धा न घेता पाहून जायची.

एकदा मी चिडून विचारलं, "मावशी, तुमाले काहून एवढं?" ती तेलाची वाटी पुसू लागली. "माह्या मोठ्याचं असंच होतं. मले समजलं होतं, पण सासूपुढं बोलली नाई. फौजेच्या भरतीत डाक्टरनं तपासला अन् घरी धाडला. पुढं लेकरूबी झालं नाई त्याले. लाज धरली म्या, अन् भोगलं पोट्ट्यानं."

सहा महिने भरले त्या दिवशीही "नाई"च आलं. मी सासूबाईंना न विचारताच बाळाला उचललं आणि अमरावतीची बस धरली. नवरा अर्ध्या रस्त्यात येऊन मिळाला. तिथल्या डॉक्टरांनी अकोल्याला लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवलं. "वेळेत आणलं," ते म्हणाले, "वर राहिलेली नीट वाढत नाही, पुढे गाठीचीही भीती असते." अकरा महिन्यांचा असताना ऑपरेशन झालं. तो तासभर मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक.

टाके सुकल्यावर मावशी आली. पाण्यात कोपर, मग तळवे, मग बाळ. "हाय," ती म्हणाली. लुगडं सासूबाईंनी स्वतः तिच्या अंगावर घातलं. दोघी रडल्या, मीही. तीन वर्षांनी ती गेली तेव्हा तेच लुगडं तिच्या अंगावर होतं.

मुलगा आता तेरा वर्षांचा आहे. आवाज फुटलाय, माझ्यासमोर शर्ट बदलायलाही लाजतो. वयात येताना दोन्ही सारख्या वाढतात की नाही हे एकदा दाखवा, असं सर्जननी तेव्हाच सांगितलं होतं. परवा त्याला अकोल्याला नेलं. तो बापाबरोबर आत गेला आणि मी बाकावर बसले. दार उघडून नवरा बाहेर आला. मी बाकावरून उठले.

"हाय," तो म्हणाला.