पेन्सिलीनं मागे घेतलेली हनुवटी

काल आम्ही मायलेकी अकोल्याहून हात हलवत परत आलो. माझा संताप अजून उतरलेला नाही...

सुमा आमची धाकटी, नऊ वर्षांची. तिचा वरचा जबडा वाढायचा राहिला आहे, त्यामुळे खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. पेरू तोडता येत नाही, पोळीचा तुकडा दाढेत सारावा लागतो... आणि लोकांना दिसते ती फक्त तिची हनुवटी!

अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरांनी गेल्या खेपेला नीट समजावलं होतं. नुसत्या दातांना धरून ओढलं तर दातच सरकतात. म्हणून आधार घ्यायचा कपाळाच्या आणि हनुवटीच्या हाडाचा, आणि तिथून रबरानं वरचा जबडा पुढे ओढायचा. हे वाढत्या वयातच जमतं, उशीर करून चालत नाही. जबडा किती हलला ते कळावं म्हणून आधीचा एक फोटो हवा, बाजूनं काढलेला.

तो आम्ही इथं अमरावतीच्या स्टुडिओत काढून घेतला. काल डॉक्टरांनी फोटो पाहिला, सुमाकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला...

"बाई, या मुलीला तर काहीच झालेलं नाही! खरा फोटो आणा, मग सुरुवात करू."

आज सकाळी तडक स्टुडिओ गाठला. फोटोवाल्यांना माझा राग कळेचना.

"काहून चिडून राहिल्या बाई तुमी? हनुवटी जराशी मांगं घेतली म्या, निगेटिव्हवर पेन्सिलीनं. पोरीची जात आहे... उद्या पाहुण्यायले दाखवाले कामी येईन!"

नऊ वर्षांच्या मुलीचा फोटो पाहुण्यांना! मी बोलायला नको तितकं बोलले. पण पाकिटातून तो फोटो पहिल्यांदा काढताना मलाही "छान आली" असंच वाटलं होतं... ते का, हे मी कालपासून स्वतःला विचारते आहे.

आमची जुंपलेली असताना सुमा आपणहून स्टुलावर जाऊन बसली, कॅमेऱ्याकडे बाजू करून.

"काका, आता माझाच काढा. नाहीतर डॉक्टर दुसऱ्याच पोरीचा जबडा ओढतील."

फोटोवाले हसले नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी तिच्या हातात दिली.

नवा फोटो परवा मिळेल. त्यात हनुवटी जिथं आहे तिथंच असेल... पेन्सिल सुमाच्या दप्तरात आहे, म्हणून एवढी खात्री.