वरच्या कॉनचं पत्र

आमच्या गॉर्टडफ गावात कॉन हॅरिंग्टन दोन होते. एकाचं घर टेकडीवर, दुसऱ्याचं खाली किनाऱ्याशी, म्हणून एक वरचा कॉन आणि एक खालचा कॉन. पाकिटावर मात्र वरचा-खालचा कुणी लिहीत नाही. नाव, गॉर्टडफ, काउंटी कॉर्क, झालं. घरांना नंबर नाहीत, रस्त्यांना नावं नाहीत. पस्तीस वर्षं इथलं टपाल मी वाटलं. विजेचं बिल असो की अमेरिकेतल्या मावशीचं नाताळचं कार्ड, कुठल्या कॉनचं ते मला नुसतं पाकीट बघून कळायचं. याचा मला माज होता. आज सांगायला लाज वाटते, पण होता.

वरचा कॉन एकटा जीव. तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर होता, मग आईने अंथरूण धरलं तेव्हा घरी आला आणि तिच्यामागे तिथेच राहिला. तीस मेंढ्या, बटाट्याचं एक वावर, एक रेडिओ. फोन त्याने कधी घेतलाच नाही. मला कोण फोन करतंय, म्हणायचा. बोलायचा कमी, पण बोलला की नेमका वर्मावर बोट ठेवायचा. गावाला तो तऱ्हेवाईक वाटायचा. मला आवडायचा, पण त्याच्या तोंडावर मी तसं कधी म्हटलं नाही.

दोन्ही कॉनमध्ये चौदा वर्षं अबोला होता. वरच्याला बटाट्यांना खत म्हणून घालायला किनाऱ्यावरचं शेवाळ आणावं लागायचं, आणि जवळची वाट खालच्याच्या अंगणातून जायची. एकदा फाटक उघडं राहिलं आणि खालच्याची गाभण गाय बाहेर पडून कड्यावरून कोसळली. फाटक कुणी उघडं टाकलं, यावरून दोघांची जी जुंपली, त्यानंतर तिथे कुलूप लागलं. तेव्हापासून वरचा कॉन पाठीवर टोपली घेऊन दीड मैलाचा वळसा घालायचा. रविवारी चर्चमध्ये दोघे एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि समोर बघायचे.

त्या वर्षी देशात पिनकोड आणावा की नाही, यावर रेडिओवर रोज भांडणं चालू होती. हिवाळ्यात राजधानीतून दोन माणसं लोकांचं मत घ्यायला आमच्या हॉलमध्ये आली. प्रत्येक घराला वेगळा कोड देऊ, म्हणजे अनोळखी माणूससुद्धा चुकणार नाही, असं ती सांगत होती. मी उठले. आमच्या साठ घरांत अकरा घरं हॅरिंग्टनांची आहेत आणि अकराच्या अकरा मला पाठ आहेत, म्हटलं. कोण कुणाकडे राहायला गेलंय, कुणाची वाईट बातमी आधी शेजाऱ्याला सांगायची, हे तुमच्या कोडला कळेल का, असंही विचारलं. टाळ्या पडल्या. मागे भिंतीला टेकून वरचा कॉन उभा होता, तेवढा बोलला.

"आणि ही बाई चार दिवस नसली तर?"

"तर तू थांब चार दिवस," मी म्हटलं. "तुला पत्रं येतात तरी किती, कॉन?"

अख्खा हॉल हसला. कॉनही हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना म्हणून तो बाहेर गेला.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्याला शहरातल्या इस्पितळात धाडलं. फुप्फुसातला एक तुकडा तपासायला काढून घेतलाय, काय ते पत्राने कळवणार आहेत, एवढं त्याने मला सांगितलं. मग तो रोज माझी गाडी यायच्या वेळी कुंपणाशी उभा राहू लागला. "काही?" एवढंच विचारायचा. मी मान हलवायचे आणि पुढे जायचे. गाडीच्या आरशात बघितलं तर तो वळण येईपर्यंत तिथेच असायचा.

तीन मार्चला मी मुलीच्या बाळंतपणाला बॉस्टनला गेले. नोकरीतली माझी ती पहिली मोठी रजा. बदली माणूस दुसऱ्या गावचा होता. मी त्याला घराघरांचा नकाशा काढून दिला, कुणाचं कुत्रं चावतं तेही लिहिलं. दोन कॉन आहेत, हे लिहायचं राहिलं. मला ते इतकं ठाऊक होतं की लिहायचं असतं हे सुचलंच नाही.

वीस तारखेला कामावर आले, तर कॉन कुंपणाशी होता. अंगाने निम्मा झाला होता. त्याने "काही?" विचारलं नाही.

"ब्रीडा, मी मरतोय का?"

"असं का विचारतोस?"

"खालच्याने फाटकाचं कुलूप काढलंय."

त्यानेच पुढे सांगितलं. खालच्याची बायको यूना तीनदा कुंपणावर ताजा पाव ठेवून गेली. दुकानदाराने पैसे न घेता संत्री दिली. फादर येऊन मेंढ्यांची चौकशी करून गेले, ज्यांना मेंढी आणि बकरी वेगळी ओळखता येत नाही. गाव माझ्याशी इतकं गोड कधीच वागलेलं नाही, तो म्हणाला. गाडी वळवून मी तशीच खाली गेले.

यूनाने घड्याळामागून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. आठ तारखेला आलेलं, फोडलेलं. खालचा कॉन टेबलाशी मान खाली घालून बसला होता.

"नाव माझंच होतं, फोडलं. दोन ओळी वाचल्यावर कळलं माझं नव्हे."

"मग द्यायचं ना त्याला."

"चौदा वर्षांनी पहिला शब्द हा बोलू? म्हटलं, तू आलीस की नेशील."

त्याच्यावर मी ओरडणार होते, पण ओरडायला तोंड नव्हतं. चुकून आलेलं पत्र एकमेकांच्या दारात टाकायचं नाही, माझ्याकडे द्यायचं, उगाच कटकटी नकोत, ही सवय गावाला मीच लावली होती. यूनाने बहिणीला सांगितलं होतं, बहिणीने दुकानात. डॉक्टरांकडे पत्राची प्रत गेली होती. त्यांना वाटलं, याला कळलंय आणि याला यायचं नाहीये. सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचं पत्र त्यालाच तेवढं नव्हतं.

कर्करोग होता, आणि उपचारांना पंधरा मार्चला दाखल व्हा असं लिहिलं होतं. वरच्या कॉनने ते कुंपणाशी उभ्यानेच वाचलं आणि नीट घडी घातली.

"पंधरा तारखेला मी मेंढ्यांची खुरं कापत होतो," तो म्हणाला. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

मी माझ्या स्वयंपाकघरातून इस्पितळाला फोन केला, रडले, भांडले. चोवीस मेची तारीख मिळाली. त्या तारखेचं पत्र मी स्वतः त्याच्या हातात द्यायला गेले, तर म्हणाला, "खालच्याला दे. आधी तो वाचतो." मी हसले नाही. मेमध्ये मीच त्याला गाडीतून नेलं. त्यांनी नव्या एक्स-रे फिल्म बघितल्या आणि घरी परत पाठवलं. मार्चमध्ये आला असता तर वाचला असता का, असं मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. अजूनही मला कुणी सांगितलेलं नाही.

तो सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. फाटक सगळा उन्हाळा उघडं होतं, पण तो एकदाही तिथून गेला नाही. अंगात त्राण होतं तोवर वळसाच घालायचा. शेवटी किनाऱ्याकडच्या दफनभूमीत शवपेटी नेली ती मात्र त्याच फाटकातून. पुढच्या टोकाला खालचा कॉन होता.

नऊ वर्षांनी पिनकोड आले. माझ्या नोकरीचा तो शेवटचा उन्हाळा. प्रत्येक घराच्या नावाने त्याचा कोड कळवणारं एकेक पाकीट आलं, घर रिकामं असलं तरी. खालच्या कॉनचं मी त्याच्या हातात दिलं. त्याने न फोडताच घड्याळामागे ठेवलं. वरच्या घराचं घेऊन मी टेकडी चढले. छताचा एक कोपरा खचला होता आणि दार फुगून बसलं होतं. पाकीट खिडकीच्या फटीतून आत टाकलं. अनोळखी माणूससुद्धा आता चुकणार नाही. आता गॉर्टडफमध्ये कॉन एकच आहे.