मंतरलेला गूळ

सेहेचाळीस साल उजाडेपर्यंत आमच्या पंचक्रोशीतल्या बायका एकमेकींच्या कानाशी लागून सांगत होत्या, की सहादेव गुळव्यानं आपल्या भाच्याला मंतरलेला गूळ चारला आणि त्या वाघाची गाय करून टाकली. सांगणाऱ्यांत मीही होतो. फुकटची गोष्ट आणि समोर ऐकणारं कुणी असलं की माझ्या जिभेला तेव्हाही आवर नव्हता, आताही नाही.

भाचा म्हणजे रंगनाथचा कानिफनाथ. बेचाळीस साली तो पंधराचा होता. मिसरूड फुटायचं होतं, पण उंचीनं बापाच्या वर गेलेला. न्हाव्यानं कल्ला तिरपा कापला म्हणून यानं त्याची धोपटी ओढ्यात भिरकावली, आणि घटकेनं स्वतःच कंबरभर पाण्यात उतरून वस्तरा शोधत बसला. म्हशीनं लाथ मारली तर हा तिला उलटी लाथ मारायला गेला. म्हैस रवंथ करत राहिली, याच्या पायाचा अंगठा मोडला. "का रं मारलंस?" विचारलं की बापडा खरोखरच कोड्यात पडायचा. "काय म्हाईत. हात गेला," म्हणायचा. हात गेला! जसा काही हात शेजाऱ्याचा होता आणि याच्याकडे नुसता राहायला आला होता.

दिवाळीनंतर त्यानं पाटकऱ्याच्या मुलाचा दात पाडला. भंडारदऱ्याचं पाणी पाटानं आमच्याकडे येई आणि कुणाच्या उसाला कधी सोडायचं ते पाटकरी ठरवी. तेव्हा कुणाचा दात पाडावा याचंही काही तारतम्य असतं. रंगनाथ भडकला.

"आता आनखी एक मारामारी, की याला नगरला नेऊन भरतीत उभा करतो. लढाई चालूच हाय. तिथं मार म्हनावं कुनाला बी!"

"आवं, पंधराचं पोर हाय ते," कानिफनाथची आई बनुबाई म्हणाली.

"उंची बघ त्याची. आन् वय सांगनारा मीच न्हवं का?"

रंगनाथ बोलला की करायचा, हे बनुबाईला ठाऊक होतं. गावातली दोन पोरं अशीच वय वाढवून गेली होती आणि त्यातल्या एकाचं पत्र यायचं थांबलं होतं. ती तडक भावाकडे, सहादेवकडे गेली.

सहादेव म्हणजे गुळव्या. गुऱ्हाळावर रस काहिलीत उकळत असतो, आणि गूळ झाला की नाही हे एकटा गुळव्या सांगतो. पाण्यात चार थेंब टाकून, बोटांनी गोळी करून. तो "उतरा" म्हणेपर्यंत मालकानंही तोंड उघडायचं नाही, अशी रीत. सहादेव अंगानं पाप्याचं पितर, पण त्या घटकेला तो कलेक्टर असे.

"धाड त्याला माझ्याकडं. जाळावर बसवतो," तो म्हणाला.

"जाळावर? दादा, त्याच्या हातात इस्तू देतोस?"

"इस्तवापाशी इस्तू शोभतो, बने."

अशा रीतीनं कानिफनाथ चुलवाणापुढे बसला. उसाची वाळलेली चिपाडं एकसारखी आत सारायची, एवढंच काम. पण एकसारखी! जाळ कमी पडला की रस मरतो, जास्त झाला की करपतो. तिसऱ्याच दिवशी चरकाचे बैल हाकणारा गोरक्षनाथ त्याला काहीतरी बोलला. हा उठला नाही, पण सगळा राग चुलवाणात कोंबला. पेंढ्याच्या पेंढ्या. काहीलभर गूळ काळा झाला.

आम्ही चार उनाड कोपऱ्यात उभे होतो, आता मामा भाच्याला सोलतो की कसं ते बघायला. सहादेवनं हात उगारला नाही. त्यानं काळ्या ढेपेतला एक खडा फोडला, भाच्याच्या तोंडाशी नेला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि खडा त्याच्या तोंडात घातला. झालं! तिन्हीसांजेच्या आत मंत्राची बातमी मी तीन आळ्यांत पोचती केली.

महिन्याभरानं रंगनाथ स्वतः गुऱ्हाळावर आला. नगरला जायची तारीख डोक्यात धरूनच आला होता. काहील अगदी टोकाला आलेली, रसाला मोठे बुडबुडे आलेले. सहादेव पाण्यात बोटं घालून बसलेला. आणि गोरक्षनाथला नेमका तोच मुहूर्त सापडला.

"काय रं कोळशाच्या कारखानदारा! आज किती काळं करनार? तुझ्या बाला बी थोडं फास की!"

कानिफनाथ उठला. हातात पेटतं चिपाड. बनुबाई भाकरी घेऊन नुकतीच आलेली. रंगनाथ बघत होता. पोरानं गोरक्षनाथकडे एक पाऊल उचललं, दुसरं उचललं.

"जाळ बघ," सहादेव म्हणाला. मान वर न करता. मोठ्यानंही नाही.

पोरगं थांबलं. गोरक्षनाथकडे बघितलं, चुलवाणाकडे बघितलं. कानशिलं तांबडीलाल. मग मागं फिरलं, खाली बसलं आणि आतली जळती चिपाडं भराभर बाहेर ओढायला लागलं. "उतरा!" झालं, गड्यांनी काहील उतरवली, सोन्यासारखा गूळ निवायला वाफ्यात, पसरट हौद्यात, ओतला. मग हा हात झटकून, बाह्या सारून गोरक्षनाथपुढे जाऊन उभा राहिला. उभाच राहिला.

"मार की," गोरक्षनाथ बारीक आवाजात म्हणाला.

"थांब जरा," हा कपाळ खाजवत म्हणाला. "मगाशी लई राग हुता. आता कुटं गेला?"

सगळं गुऱ्हाळ हसलं. गोरक्षनाथही हसला, पण दोन पावलं मागं सरून. रंगनाथनं गरम गुळाचं बोट चाटलं, म्हणाला, "बरा झालाय," आणि नगरचं नाव न काढता घरी गेला. बनुबाईनं त्या दिवशी भावाला चार भाकरी जास्त वाढल्या.

तिथून पोरगं सुधारलं असं मात्र समजू नका. पुढल्या साली त्यानं तीन मारामाऱ्या केल्या. त्याच्या पुढल्या साली एक. दर वेळी रंगनाथ नगरला जायचं धोतर काढी, बनुबाई ते धुवायला टाकी, आणि ते वाळेपर्यंत बापलेकांचा समेट होई. असं करता करता लढाईच संपली. सेहेचाळीसच्या हंगामात कानिफनाथ चुलवाणावरून उठून मामाशेजारी काहिलीपाशी बसला. गोरक्षनाथ दिवसभर चिडवी आणि हा मिशीत हसे.

गावातली बायडाबाई आपल्या तापट नवऱ्यासाठी मंतरलेला गूळ मागायला आली तेव्हा सहादेवनं साध्या ढेपेचा खडा दिला आणि सांगितलं, "गुन यील, पर चार सालं लागतील." ती म्हणाली, "एवढं कुटलं थांबू?" तरी खडा पदराला बांधून नेला.

आता खरं ते सांगतो. त्या गुळात मंत्र नव्हता. गूळ करपलेला होता, आणि सहादेव पुटपुटला होता ते "खा आता तुझा राग" एवढंच. चार सालांत कानिफनाथ एकोणीस वर्षांचा झाला.