रविवारी दहाची गोष्ट

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दहाला तीन ते सात वर्षांच्या पोरांना गोष्ट सांगतात. गोष्ट वीस मिनिटांची. पण ती सांगताना जे काय घडतं, ते सांगायला आम्हाला पुढचा अख्खा आठवडा पुरत नाही! पोरांना सांगितलेल्या गोष्टी आम्ही विसरून जातो, ह्या मात्र आपोआप साठत जातात.

आम्ही म्हणजे तिघं. मी वाचनालय सांभाळते. शांतक्का अंगणवाडीतून रिटायर झाल्यात. तिसरे प्राथमिक शाळेतले गौतम सर, ज्यांचा प्लॅनिंगवर फार विश्वास आहे. गाव कर्नाटकाच्या सीमेवरचं, कमलनगरपासून जीपनं अर्ध्या तासावर. इथली पोरं घरी मराठी, कन्नड नाहीतर दखनी उर्दू बोलतात. भांडताना तिन्ही.

*

सुरुवात ट्रेनिंगनं झाली. विषय होता, 'लहान मुलांचं लक्ष कसं टिकवावं'. बोलणारे साहेब साडेतीन तास एकटेच बोलले. मुलांना एका जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये, हा मुद्दा त्यांनी चाळीस मिनिटं समजावला!

शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

शांतक्का उठल्या. "आमी ल्हान न्हाईत मनून बसवलाव व्हय?"

*

गौतम सरांनी मग तक्ता केला. मिनिटामिनिटाचा. '१०.०० स्वागत. १०.०३ उत्सुकता. १०.०८ मुले हसतील. १०.१२ मुले विचारात पडतील.'

पहिल्या रविवारी त्यांनी काळ्या मोज्याचा कावळा करून आणला. दोन बटणांचे डोळे, पुठ्ठ्याची चोच. कावळा 'नमस्कार मुलांनो' म्हणाला, तोच पुढं बसलेल्या चार वर्षांच्या रेणुकानं विचारलं, "सर, ह्यो मोजा कुणाचाय?"

"मोजा नाही बाळा, कावळा आहे."

"मंग दुसरा कावळा कुठंय?"

सगळ्या पोरांनी वाकून सरांच्या पायांकडं बघितलं. एका पायात काळा मोजा होता!

पोरं लोळून लोळून हसली. सरांनी घड्याळ बघितलं आणि गंभीरपणे मला म्हणाले, "चार मिनिटं लवकर हसली." आणि तक्त्यात दुरुस्ती केली.

*

तक्त्यात शेवटची ओळ असायची 'बोध'. शांतक्कांनी एकदा आईचं न ऐकता रानात गेलेल्या करडाची गोष्ट सांगितली. लांडगा मागं लागतो, करडू कसंबसं वाचतं. पोरं श्वास रोखून ऐकायलेली.

"मंग काय शिकलाव?"

सोमूच्या घरी अकरा शेळ्या. त्यानं हात वर केला. "दावं जुनं झालं की बदलायचं!"

"आरं, पण आईचं ऐकाय नको का?"

सोमूनं जरा विचार केला. "आईलाबी बांधायचं, अक्का. मंग दोगंबी जात न्हाईत."

*

सगळ्यात अवघड काम सिंहाचं. सगळ्या पोरांना गोष्ट आपली वाटावी म्हणून आम्ही भाषांची वाटणी केली. सिंह कन्नड बोलणार, कोल्हा दखनी, ससा मराठी. पोरं खूश!

संध्याकाळी तीन पालक दारात. बेकरीवाले चाचा म्हणाले, "हमारी जबान कू कोल्हाच मिला क्या?"

सुभाष अण्णा म्हणाले, "मराठी काय सशासारखी भित्री हाय व्हय?"

किराणावाले बसप्पा अण्णा तरी खूश असतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सिंह दिलाव ते बरंय, पण शेवटी फसतो कामून?"

पुढच्या रविवारी वाटणी फिरवली. तिघं परत आले, तक्रारी फक्त अदलाबदल केलेल्या. तिसऱ्या रविवारी शांतक्कांनी सगळ्या जनावरांचं बोलणंच बंद करून टाकलं. नुसती डरकाळी, कोल्हेकुई आणि सशाच्या उड्या. पोरांना तीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. खिडकीत उभे राहिलेले तिन्ही पालकही समाधानी दिसले. जाताना बसप्पा अण्णा हळूच मला म्हणाले, "डरकाळीत जरा कन्नडचा सूर होता बगा."

*

वाचनालयाच्या खिडकीखालीच जीप लागते. ड्रायव्हर इरफानभाई गाडी भरेपर्यंत खिडकीत उभे राहून गोष्ट ऐकतात. एकदा गाडी भरली, तरी ते हलेनात. गोष्टीत नदीला पूर आलेला आणि मेंढपाळाच्या मेंढ्या अर्ध्या पाण्यात!

"अक्का, मेंढ्या ह्या काठाला आल्या का न्हाई तेवढं सांगा, गाडी काढतो."

"गोष्ट मधेच फोडायची नाही," गौतम सर म्हणाले. "मुलांची उत्सुकता जाते."

इरफानभाई थांबले. एक-एक करत प्रवासीही उतरून खिडकीशी आले. गाडीत एकच माणूस उरला, त्यानं वैतागून हॉर्न दाबला. तशी कमलनगरच्या दवाखान्यात नंबर लावलेली म्हातारी खिडकीतून मागं वळून ओरडली, "वाजवू नको रे मुडद्या, मेंढ्या पाण्यात हायत!"

*

मागच्या वर्षी वाचनालयातली आमची गोष्टीची खोली जायची वेळ आली होती. रविवारी गोंधळ होतो, त्यापेक्षा तिथं सामान ठेवू, असं काही लोकांचं म्हणणं. पाहणी करून ठरवायला तालुक्याहून साहेब येणार होते. सरांनी तक्ता तीनदा लिहिला. शांतक्कांनी खोली दोनदा झाडून काढली. खोली गेली तर एवढी पोरं परत जमवायची कुठं, ह्या विचारानं मला घास गोड लागेना.

साहेब पन्नाशीचे, हातात फॉर्म. शांतक्कांची गोष्ट संपेपर्यंत लिहीत राहिले. मग म्हणाले, "शेवट कच्चा वाटला. मुलांना शेवट ठाम लागतो."

शांतक्कांचा चेहरा उतरला. रेणुका मात्र उठून उभी राहिली. "मंग तुमी सांगा!"

सर तिला डोळ्यांनी दटावत होते. ती कसली बसते! साहेबांनी सगळ्या पोरांकडं बघितलं आणि फॉर्म खाली ठेवला.

"आम्ही निंबर्गा गावचे. माझी आई एक गोष्ट सांगायची, ती सांगतो."

गोष्ट एका मुंगीची. तिची पिल्लं तहानलेली, म्हणून ती ढगाला एक थेंब मागायला भोपळ्याच्या वेलावरून वर-वर चढत जाते. साहेबांनी चांगली रंगवली हो! मुंगी शेंड्यावर पोचली, ढगाला हाक मारली, ढग थांबला, हळूहळू खाली वाकला, आणि...

साहेब थांबले.

"फुडं?" पोरं ओरडली.

"पुढं..." साहेबांनी कपाळ पुसलं. "इथं मला झोप लागायची."

"मंग आईला इचारलं न्हाई कामून?"

"राहून गेलं."

"आता इचारा की! फोन हाय न्हवं?"

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही तिघांनी खाली बघितलं. खोली अजून आमच्याकडंच आहे, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. तर साहेबांनी फोन लावला. पोरांनी स्पीकरसुद्धा चालू करायला लावला.

"आई, ती मुंगीची गोष्ट. ढग खाली वाकला, पुढं काय झालं?"

"काय झालं रे बाळा? बरा हायस न्हवं?"

"बरा आहे. मुंगीचं सांग. इथं लेकरं खोळंबलीत."

पलीकडं म्हातारी हसली.

"फुडं काय न्हाई रे. तू तितं झोपायचास, मी भांडी घासाय उठायची. फुडचं कवा लागलंच न्हाई, मनून रचलंच न्हाई. आता जागा हायस न्हवं? थांब मंग, रचते."